किल्ली माझ्या पर्समध्ये

मंडळी, आज एका मुलीने मला चांगलंच अडकवलं.

नंदनवनमधल्या आमच्या शाळेत ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आहे. ‘नववीने ही पुस्तकं वाचाच’ अशी यादी मीच कपाटावर चिकटवली आहे.

मधल्या सुट्टीत नववीतली एक पोरगी मान वाकडी करून कपाटासमोर उभी होती.

“काय करून राहिली वं?”

“यादीतली पुस्तकं वाचून राहिली, मॅडम. काचेतून नावं तेवढी दिसतात.”

कपाटाला मी कायम कुलूप लावते. एक जरी पुस्तक हरवलं, तरी जाब चार्जवालीलाच द्यावा लागतो.

“किल्ली घरी राहिली,” मी म्हणाले. किल्ली पर्समध्येच होती.

“काही नाही मॅडम, उद्या येते मी.”

तुम्हीच सांगा, उद्या किल्ली खरंच घरी ठेवून जाऊ का?