साडेतीन मिलिमीटर

मुबारक मुकादमने आयुष्यात एकच वाईट सवय लावून घेतली होती, आणि गंमत म्हणजे ती सगळ्यांना चांगली वाटायची. तो प्रत्येक कामाचा कागद करायचा. कुवेतला एका कंपनीत जनरेटर मेकॅनिक म्हणून त्याने अठरा वर्षं काढली. तिथल्या फोरमनने पहिल्याच आठवड्यात दम भरला होता की जॉबशीट नाही तर काम झालंच नाही. काय उघडलं, आत काय सापडलं, काय केलं, कधी सुरू, कधी पूर्ण, खाली सही. हे त्याच्या अंगात इतकं मुरलं की सुट्टीवर पनवेलला आला तरी घरच्या मिक्सरचं जॉबशीट, पंख्याचं जॉबशीट, मोहल्ल्यातल्या कुणाच्या शिलाई मशिनचं जॉबशीट. छापील पॅड तो तिकडूनच बॅगेत घालून आणायचा. त्याची बायको खतीजा म्हणायची, "आपल्या निकाहचं पण केलंत का? काय सापडलं, त्या रकान्यात काय लिहिलंत?" मुबारक हसायचा आणि सही ठोकायचा.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये तो आला तो मनाशी ठरवूनच, की आता बस. नशरा, त्याची मुलगी, बारा वर्षांची झाली होती, आणि सगळ्या सुट्ट्या मिळून त्याने तिचं जेमतेम सव्वा वर्ष पाहिलं होतं. ती त्याच्याशी अदबीने बोलायची, पाहुण्याशी बोलावं तशी. हे त्याला फार लागायचं. पण परतीचे दोर कापून येणाऱ्यांतला तो नव्हे. तिकडचा नियम असा, की सहा महिन्यांच्या आत परत पाय ठेवला नाही तर व्हिसा गेला. वीस सप्टेंबर ही तारीख त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. तोवर इथे बस्तान बसलं तर राहायचं, नाही तर निमूट विमानात बसायचं.

बस्तान बसवायचा बेतही पक्का होता. राजकोटची कृष्णतारा इंजिन्स नावाची कंपनी जुन्या बुलेटमध्ये बसेल असं डिझेलचं छोटं इंजिन बनवायची. पेट्रोलचं इंजिन उतरवायचं, हे चढवायचं, आरटीओत नंबर नोंदवायचा, की झालं. नेरे, आपटा, ओवे, सगळीकडे दूधवाले आणि भाजीवाले जुन्या बुलेटींवर कॅन नि पाट्या लादून फिरत होते. लिटरला सत्तर किलोमीटर म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? पनवेल तालुक्याला कंपनीचा डीलर नव्हता. मुबारकने पत्र लिहिलं. कंपनीने अट घातली: आधी स्वतःच्या गाडीवर आमचं इंजिन बसवा, पाच हजार किलोमीटर चालवा. शिशाचं सील शाबूत राहिलं पाहिजे. काही बिघडलं तर आमचा माणूस येईल, तुम्ही हात लावायचा नाही. चाचणी पुरी झाली की डीलरशिप तुमची.

मुबारकला हे अगदी रास्त वाटलं. अटी लेखी होत्या ना!

मरहूम अब्बांची बुलेट उरण नाक्याजवळच्या घराच्या पडवीत धूळ खात होती. तिच्यात त्याने इंजिन चढवलं, आणि रोज सकाळी किलोमीटर जमवायला निघू लागला. आपट्याला नदीपर्यंत, उलट नेऱ्याला डोंगराच्या पायथ्यापर्यंत. कधी कधी नशराला मागे बसवायचा. पहिल्यांदा ती मागचं कॅरिअर धरून बसली. पंधरा दिवसांनी तिने त्याचा शर्ट धरला. त्या दिवशी मुबारक घरी आला तो स्वारी एकदम खुशीत. खतीजाला वाटलं डीलरशिपच मिळाली.

नेऱ्याचा आनंदा दूधवाला रस्त्यात भेटायचा. भाताची शेती आणि आठ म्हशी असलेला हा आगरी गडी, माणूस मोकळा, आवाज खणखणीत. त्याने मुबारकची गाडी पाहिली, ऐकली, आणि हट्टच धरला. मुबारक म्हणाला, माझी चाचणी होऊ दे. पण आनंदाला कुठला दम! "तुमी बोल्लात ना चांगला हाय? मंग झाला!" त्याने थेट राजकोटहून मागवलं आणि मुबारककडूनच बसवून घेतलं.

जूनच्या सुरुवातीला, बत्तीसशे किलोमीटरवर, मुबारकच्या इंजिनाच्या माथ्यातून टकटक ऐकू येऊ लागली. दुसऱ्याला ती कळलीही नसती. मुबारकने गाडी तिथेच बंद केली, ढकलत घरी आणली आणि कंपनीला फोन लावला.

इथून पुढे जे झालं ते सांगताना माझंच डोकं तापतं. फोनवर आधी सनई वाजायची. मग एक मुलगी गोड आवाजात हिंदीत तक्रार नंबर द्यायची आणि इंजिनिअर आठ दिवसांत येईल म्हणायची. आठ दिवसांनी फोन केला की दुसरी मुलगी, दुसरा नंबर, तेच आठ दिवस. पहिल्या नंबरचं काय झालं विचारलं तर म्हणे, तो बंद झाला, कारण दुसरा उघडलाय. मुबारकने सगळे नंबर पॅडवर ओळीने लिहिले. सात झाले. जून गेला, जुलै आला, बुलेट पडवीत गोणपाटाखाली उभी. हा माणूस समुद्रापलीकडे हजार हजार अश्वशक्तीची धुडं खोलून बसवायचा, आणि इथे स्वतःच्या दारातल्या हातभर इंजिनाला बोट लावायची चोरी. तो रोज गोणपाट काढायचा, सील बघायचा, परत झाकायचा. खतीजा म्हणाली, "उघडा ना एकदाचं. असं मय्यत राखल्यासारखं काय बसता?"

"अट आहे," मुबारक म्हणाला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आनंदा आला. त्याच्याही इंजिनाने टकटक सुरू केली होती. "मुबारकभाय, राजकोटवाले फोनवर नुसती वाजंत्री ऐकवतान. चाळीस घरांचा दूध हाय. दोन दिस रिक्षानी नेला, आता लोक दुसरा बघतील. मी तुमच्या शबुदावर घेतला ना?"

तो भांडायला आला असता तर मुबारकने सोसलं असतं. पण आनंदा भांडला नाही, नुसता उंबऱ्यावर बसून राहिला. मुबारकचा जीव कासावीस झाला. दुसऱ्याचं इंजिन अंदाजाने उघडून बघणं त्याच्या स्वभावात नव्हतं. प्रयोग करायचा तर स्वतःच्यावर. तो उठला, गोणपाट काढलं आणि पकडीने सीलची तार कापली.

दोष तासाभरात सापडला. माथ्यातल्या रॉकरकडे, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांडीकडे, तेल चढायची जी बारीक वाट असते, ती जेमतेम दोन मिलिमीटरची होती. तेल तापून काळं झालं की तिथे साका धरायचा आणि वरचा भाग कोरडा पडायचा. मुबारकने ती वाट साडेतीन मिलिमीटरची केली, धुतली, फुंकली, सगळं परत बसवलं. दुसऱ्या दिवशी आनंदाचंही केलं. दोन्ही इंजिनं अशी चालू लागली की विचारू नका. आनंदाने खरवसाचा डबा आणून दिला. प्रकरण इथे संपलं असतं.

पण कागद व्हायचा होता ना!

मुबारकने चार पानी जॉबशीट लिहिलं. काय उघडलं: सील, माथा. काय सापडलं: वाट अरुंद. काय केलं: रुंद केली, साडेतीन. सोबत आकृती. आकृती पेन्सिलीने त्याने काढली आणि शाईने नशराने गिरवली, कारण तिची चित्रकला चांगली. तेलाची दिशा दाखवणाऱ्या बाणाचं टोक तिने पिंपळाच्या पानासारखं काढलं. मुबारक म्हणाला, बाण असा नसतो बेटा. नशरा म्हणाली, "सुंदर दिसतोय, राहू दे ना अब्बा." राहू दिला. बापलेक दोन संध्याकाळी त्या कागदावर वाकून बसले होते, आणि त्या घरातल्या सगळ्यांत चांगल्या संध्याकाळी त्याच, असं खतीजा अजून सांगते.

तरी तिने टोकलंच. "चालू झालं ना? मग गप बसा. त्यांना कशाला कळवताय?"

"त्यांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांचं काय? आणि कागदाशिवाय काम म्हणजे अर्धं काम." त्याने रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

ज्या कंपनीला दोन महिन्यांत एक माणूस पाठवता आला नाही, तिचं उत्तर मात्र नवव्या दिवशी आलं. आपण स्वतःच लेखी कबूल केल्याप्रमाणे सील तोडून इंजिनात अनधिकृत फेरफार केला आहे. सबब वॉरंटी रद्द, चाचणी रद्द.

मुबारकने फोन लावला. सनई ऐकली. "सर, आपने ही लिखकर दिया है," मुलगी म्हणाली. तिचंही चुकलं नव्हतं.

ऑगस्टअखेरीस, रमजान सुरू झाल्यावर, पुण्याहून कंपनीचा एरिया इंजिनिअर आला. अवधूत नाव, वागायला सभ्य. खतीजाने त्याला चहा दिला. मुबारकचा रोजा होता, तो समोर नुसता बसला. अवधूतने बुलेट खाडीपुलापर्यंत फिरवून आणली, माथा उघडायला लावला आणि आपल्या मापाने ती वाट दोनदा मोजली.

"मुकादमसाहेब, काम नंबर एक आहे. खरं सांगतो, आमच्याकडे असं कुणी केलं नसतं."

"मग माझी चाचणी पुढे चालू करा. अठराशे किलोमीटर राहिलेत."

"सील तुटलंय ना. नवीन सीलबंद इंजिन घ्या, पहिल्यापासून पाच हजार करा. मी स्वतः शिफारस लिहितो."

"नवीन इंजिनात वाट किती?"

अवधूतने हातातलं माप खाली ठेवलं. "दोनच."

"म्हणजे बत्तीसशेला परत टकटक. हात लावला तर सील गेलं, नाही लावला तर इंजिन गेलं."

"साहेब, नियम मी नाही केले," अवधूत म्हणाला, आणि जाताना आकृतीची जास्तीची प्रत असली तर मागितली. मुबारकने दिली. मागितलेला कागद नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. अवधूत गेल्यावर तो पडवीत येरझारा घालत राहिला. सगळी दारं समोर होती आणि प्रत्येक दार आतून त्याच्याच सहीने बंद होतं. इफ्तारचा खजूर त्याने उचलला आणि तसाच परत ठेवला. "अडकलो मी खतीजा," तो म्हणाला. "चांगलं काम करून अडकलो." खतीजाने त्या दिवशी त्याची थट्टा केली नाही.

तिकीट अठरा सप्टेंबरचं निघालं. ईद त्यानंतर तीनच दिवसांवर होती, पण व्हिसा ईदसाठी थांबत नाही.

सोळा तारखेला कंपनीचं एक पाकीट आलं. आनंदालाही तसंच आलं होतं; तो ते घेऊन धावत आला. आत छापील पत्रक: सर्व गिऱ्हाइकांसाठी खूशखबर. आमच्या तज्ज्ञांनी संशोधन करून तेलाची वाट सुधारली आहे. जुनी इंजिनं जवळच्या डीलरकडे आणा, फुकट करून मिळेल. सील तुटलेली इंजिनं या योजनेत धरली जाणार नाहीत. तळाशी बारीक अक्षरात होतं की पनवेलसाठी डीलर नेमणं बाकी आहे, अर्ज मागवत आहोत, सीलबंद चाचणीची अट लागू.

"म्हंजे आपला काय?" आनंदाने विचारलं.

मुबारकने पत्रक उलटलं. मागे आकृती होती. साडेतीन मिलिमीटर. नशरा खांद्यावरून वाकून बघत होती.

"अब्बा, हा माझा बाण आहे."

पिंपळाचं पान. छपाईत जरा जाड झालेलं, पण तेच. मुबारकच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते लपवलं नाही. आनंदाने राजकोटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोही आमच्या आगरी बोलीत, म्हणजे काही बाकी ठेवलं नाही. "त्यांना कळवा, मुबारकभाय! पत्र टाका! ह्यो बाण आमच्या पोरीचा हाय!"

मुबारकने नकारार्थी मान हलवली. त्यांना कागद लिहायची त्याची हौस फिटली होती.

सतरा तारखेला बॅग भरून झाली. तिकडे पॅड मिळतात म्हणून जुनं पॅड त्याने घरीच ठेवलं. खतीजाने ते उचललं, कोरं पान काढलं आणि पेनासकट त्याच्यापुढे ठेवलं. अठरा वर्षं कागदांची टिंगल करणारी ही बाई, पण तिचा आवाज गमतीचा नव्हता.

"लिहून द्या."

"काय?"

"काम काय, कधी सुरू, कधी पूर्ण. दर वेळी तोंडी सांगून जाता. या वेळी कागद पाहिजे मला."

मुबारकने पेन घेतलं. कामाच्या रकान्यात त्याने लिहिलं: कुवेत. सुरू: अठरा सप्टेंबर. मग पेन तिसऱ्या रकान्यावर येऊन थांबलं. नशरा दारात उभी राहून बघत होती. मुबारकला एक वर्ष लिहावंसं वाटलं, मग दोन, मग पाच, आणि प्रत्येक आकडा त्याला खोटा वाटला. खोटं त्याने जॉबशीटवर कधी लिहिलं नव्हतं.

अर्धवट कागदावर त्याने अठरा वर्षांत कधी सही केली नव्हती. त्या दिवशी केली. खतीजाने कागद वाचला, रिकामा रकाना पाहिला, आणि घडी घालून कपाटात निकाहनाम्यापाशी ठेवून दिला.