कोपऱ्याची वीट

लिंडन हेस्केथ वीस वर्षं माझ्या गवंड्यांच्या टोळीत कोपरे उभे करायचा. मधली भिंत भरायला फारशी अक्कल लागत नाही. दोरी ताणलेली असते, दोरीच्या धारेला वीट लावत जायचं, गप्पा मारत मारत काम होतं. पण ती दोरी ज्या दोन कोपऱ्यांना बांधायची ते आधी उभे करावे लागतात, आणि तिथे बोटभर चूक झाली की अख्खं घर नशेत असल्यासारखं दिसतं. म्हणून टोळीतला सगळ्यात चांगला हात कोपऱ्यावर असतो. आमच्याकडे तो लिंडनचा होता. मी टोळीचा मुकादम, नेव्हिल एंटविसल, आणि मी हे सहजासहजी कुणाबद्दल बोलत नाही.

अडतिसाव्या वर्षी त्याचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, परांचीवर चढणं बंद. आम्हाला वाटलं, कुठेतरी गोदामात बसेल, फार तर गाडी चालवेल. एका सकाळी साइटवरच्या केबिनमध्ये बेकन-पाव खाताना तो म्हणाला, "मी शिकायला जातोय."

"काय शिकायला?" मी विचारलं.

"क्वांटिटी सर्व्हेयर."

 विटा वाहणारा मिक तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाला, "म्हणजे तो, जो आपलं माप कापतो?"

"तोच."

"मग पुढच्या वेळी चहा बाहेर उभं राहून पी," मिक म्हणाला, आणि सगळे हसले. मी हसलो नाही. बांधकामावर दोन बाजू असतात, बांधणारे आणि मोजणारे. माझा कोपऱ्यावरचा माणूस तिकडे चालला होता.

योजना अशी होती, की घरं बांधणाऱ्या कंपनीत चार दिवस काम करायचं, पाचव्या दिवशी प्रेस्टनच्या विद्यापीठात जायचं. फी कंपनी आणि सरकार बघून घेणार, वर थोडका पगार. पाच वर्षांनी पदवी हातात. वर्गात सगळी अठरा वर्षांची पोरं आणि त्यांच्यात हा, टक्कल पडलेला, हाताला चुन्याच्या भेगा. शेजारी ब्लॅकबर्नची झैनब नावाची मुलगी बसायची. ती याला कॉम्प्युटरवर नकाशा कसा उघडायचा ते शिकवायची आणि हा तिला दोन भिंतींच्या मधली पोकळी कशासाठी ठेवतात ते सांगायचा. ती याला 'लिंडनकाका' म्हणायची. पहिल्या सहामाहीत काकांना गणितात काठावर मार्क पडले. ते त्याने केबिनमध्ये येऊन स्वतःच सांगितलं, वर म्हणाला, "झैनबला ब्याऐंशी आहेत. आणि तिने आयुष्यात थापी धरलेली नाही."

कंपनीत त्याच्या डोक्यावर गेनर टॅटरसॉल होत्या. तीस वर्षं मापं काढलेली बाई. बुटांना कायम चिखल, कानामागे पेन्सिल, आणि कुणाच्याही शब्दावर विश्वास नाही. नवऱ्यालाही टेप लावून मगच हो म्हणाल्या असतील. आम्ही त्यांना गेनरबाई म्हणायचो, समोर आणि मागेही, कारण मागे वेगळं काही बोलायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या वर्षी त्यांनी लिंडनला पहिल्यांदा एकट्याने माप घ्यायला पाठवलं. आमच्या ॲक्रिंग्टनच्या कडेला टेकडीवर बेचाळीस घरं होती, सगळी सुटी, आमच्याच गावच्या लाल विटेची. विटेचं सगळं काम माझ्या टोळीचं. आम्हाला मापावर पैसे मिळतात, जेवढे चौरस मीटर भिंत तेवढे. घरं जशी तयार होतील तसा लिंडन टेप घेऊन यायचा, टेपचं दुसरं टोक मी खाली उतरून धरायचो. मी वरून ओरडायचो, "साहेब आले, टोप्या काढा." तोही खालून म्हणायचा, "तुझी काढू नकोस, डोक्याला वारा लागेल." मजेत चाललं होतं. एकतिसावं घर होईपर्यंत मला त्याचं मोजणं आवडायलाही लागलं होतं.

मग जानेवारीत एका शनिवारी दुपारी तो माझ्या घरी आला. मॉरीनने, म्हणजे माझ्या बायकोने, नुकताच मटण-बटाट्याचा हॉटपॉट ओव्हनमधून काढला होता. तिने न विचारता तिसरी ताटली मांडली. लिंडन बसला, पण काट्याला हात लावेना.

"नेव, एक घोळ झालाय," तो म्हणाला. "विद्यापीठात एक प्रकल्प द्यायचा होता. मी आपल्याच साइटवरचं घर घेतलं. नकाशावरून भिंत मोजली, तर माझ्या टेपच्या मापापेक्षा कमी भरली. मला वाटलं, तुम्ही घर मोठं बांधलंय. सकाळी जाऊन परत मोजून आलो."

"मग?"

"घर बरोबर आहे. मी कोपरे दोनदा मोजलेत."

मी जेवत राहिलो. लिंडन बोटांनी टेबलावर काढून दाखवायला लागला. समोरची भिंत मोजताना टेपच्या टोकाचा लोखंडी आकडा कोपऱ्याच्या बाहेरच्या धारेला अडकवायचा. बाजूची भिंत मोजताना पुन्हा त्याच धारेला. म्हणजे कोपऱ्यातली वीट दोन्ही भिंतींत धरली जाते. घराला कोपरे चार. वर छतापर्यंत. बेचाळीस घरं.

"सगळी घरं धरली तर पाच हजारांच्या वर विटा होतात," तो म्हणाला. "ज्या कुणी कधी लावल्याच नाहीत."

"मला सांगतोस होय," मी म्हणालो. "आमच्याकडे सगळे असंच मोजतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला माहीत होतं?"

"प्रत्येक मुकादमाला माहीत असतं. कोपरा उभा करायला किती वेळ जातो ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? एक वीट, पाणसळ, दुसरी वीट, ओळंबा. त्याचे वेगळे कोण देतं? कुणी नाही. म्हणून बाहेरून मोजतात. माझ्या बापाने तसंच मोजलं."

"आणि दर शुक्रवारी टेपचं दुसरं टोक मी धरायचो," लिंडन हळू म्हणाला. "वीस वर्षं. तू म्हणायचास, आकडा धारेला अडकव. मी अडकवायचो. मला वाटायचं, मोजतात ते असंच."

 मला वाईट वाटलं की मी आवाज चढवतो, ही माझी जुनी खोड. "मग आता गप्प बस," मी म्हणालो. "कुणी विचारलंय तुला?"

"सोमवारी गेनरबाईंना सांगणार आहे."

"वेडा झालास का? बाई काय समजतील? जुन्या टोळीचं माप फुगवलं म्हणतील. हाकलून देतील तुला. दीड वर्षाचं शिकणं पाण्यात. गुडघा तर गेलाच आहे, पुढे काय करणार?"

"तेच रात्रंदिवस डोक्यात घोळतंय," तो म्हणाला. "भीती वाटतेय, नेव. पण सांगणार."

मी उठलो आणि बरंच काही बोललो. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "इथून पुढे तुझ्या टेपला मी हात लावणार नाही." मॉरीन म्हणाली, "भांडायचं ते भांडा, पण हॉटपॉट निवतोय." लिंडनने दोन घास खाल्ले, तिचे आभार मानले आणि लंगडत गेला.

सोमवारी काय झालं ते मला नंतर गेनरबाईंकडूनच कळलं. तो त्यांच्या टेबलापुढे उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. त्यांनी एकच विचारलं, "हे शोधलं कुणी?"

"मीच."

"आणि टोळी कुणाची?"

"माझीच. म्हणजे, पूर्वीची."

त्यांनी मग कोट उचलला आणि म्हणाल्या, "चल. सगळी परत मोजू."

चार दिवस मोजत होती दोघं. टेकडीवरचा जानेवारीचा वारा हाडं गोठवणारा, आणि या बाई टेपचं टोक धरून चिखलात उभ्या. मी परांचीवरून बघायचो आणि मान फिरवायचो. चौथ्या दिवशी मला खाली बोलावलं. नवं माप कागदावर होतं. गेनरबाईंनी कागद पुढे केला.

मी कागद न वाचताच सुरू झालो. कोपरे, ओळंबा, माझा बाप, सगळं काढलं. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "हे करारात कुठे लिहिलंय, नेव्हिल?"

"लिहिलेलं नाही. रीत आहे."

"रीत माझ्या कागदावर बसत नाही."

मग लिंडन बोलला. माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून. "बाई, कोपरा दोनदा मोजणं खोटंच आहे. ते मी काढून टाकलं. पण कोपऱ्याला दुप्पट वेळ लागतो, हे खरं आहे. मी वीस वर्षं तेच केलंय. पुढच्या कामाच्या कागदात कोपऱ्यांची वेगळी ओळ टाका. उंचीवर मोजा, मीटरला इतके. मग कुणाला आकडा कुठे अडकवायचा याची चोरी राहणार नाही."

गेनरबाईंनी पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली. "विचार करते," म्हणाल्या. आणि मला, "या बेचाळीस घरांना हे लागू नाही. सही करा."

मी सही केली. लिंडनला काढलं नाही, हे त्याच दिवशी कळलं, कारण बाई जाताना त्याला म्हणाल्या, "उद्या आठ वाजता. आणि तो प्रकल्प मला दाखव, त्यात तुझ्या भागाकारात चूक असणार." मला बरं वाटलं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

पुढच्या साइटच्या कागदात खरंच ती ओळ आली. विटेचे बाह्य कोपरे, उंचीच्या मापाने. मी तीनदा वाचली. इतक्या वर्षांत कोपरा म्हणून काही असतं हे कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या बापाला दाखवायला हवी होती ती ओळ. लिंडनला मात्र मी काही बोललो नाही. हळूहळू बोलणं सुरू झालं, केबिनमधला चहा सुरू झाला, मिकच्या टोमण्यांना तो पुन्हा उत्तरं द्यायला लागला. पण तो मोजायला आला की टेपचं टोक मिक धरायचा. मी म्हटलं होतं, हात लावणार नाही, मग नाही लावला. तीन वर्षं. मॉरीन म्हणायची, "गाढवाला तरी कधीतरी कंटाळा येतो." मला येत नव्हता.

गेल्या जूनमध्ये त्याची शेवटची परीक्षा होती. तिघे तज्ज्ञ समोर बसून तासभर प्रश्न विचारतात, आणि त्यांच्यापुढे स्वतःच्या कामातला एक कठीण प्रसंग मांडावा लागतो. आदल्या आठवड्यात तो केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, "मी कोपऱ्यांचं सांगणार आहे. तुझं नाव घेणार नाही. पण तू नको म्हणालास, तर दुसरं काहीतरी सांगेन. छपराच्या कौलांचं आहे एक, जरा बेचव आहे."

"त्यात मी कसा दिसतो?"

"हट्टी. पण कामाला पक्का."

"मग सांग," मी म्हणालो. "आणि मोजायला तुला चुकीचं कुणी शिकवलं, तेही सांग. नाव घे हवं तर."

त्याने नाव घेतलं नाही. पास झाला. त्याच्या टोप्या उडवण्याच्या समारंभाला आम्ही सगळी टोळी गेलो. मी टाय लावला होता, मिकने नव्हता. झैनब काळ्या झग्यात धावत आली आणि आम्हाला म्हणाली, "तुम्हीच ना ते गवंडी? लिंडनकाका सारखे तुमच्याच भिंतींची उदाहरणं द्यायचे." गेनरबाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांचे बूट पुसलेले होते. लिंडन बेचाळिसाव्या घराच्या कोपऱ्यासारखा ताठ उभा होता, गुडघा दुखत असणार तरी. मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन उगाच मिकशी भांडलो.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी तो साइटवर आला. आता नावापुढे पदवी, अंगावर तेच जुनं जाकीट. मिक विटा वर चढवत होता. लिंडनने टेप काढली आणि सवयीने त्याला हाक मारायला तोंड उघडलं.

"त्याला काम आहे," मी म्हणालो आणि परांचीवरून खाली उतरलो. "आण इकडे."

त्याने टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे लंगडत चालत गेला. मी माझ्या कोपऱ्यापाशी बसलो. आकडा धारेला टेकला, वीस वर्षांच्या नव्हे, चाळीस वर्षांच्या सवयीने. मग मी तो सोडवला. विटेच्या रुंदीचा निम्मा भाग, म्हणजे अर्धी वीट या भिंतीला आणि अर्धी बाजूच्या, डोळ्याने मापला आणि टोक तिथे, आत, अंगठ्याने दाबून धरलं.

पलीकडून लिंडन बघत होता. त्यानेही आपली बाजू तेवढीच आत घेतली, वाचलं आणि वहीत लिहिलं.

"कोपरे वेगळे लिहितोय," तो ओरडला.

"लिही," मी म्हणालो. "आणि नीट लिही. माझे आहेत."