सकाळच्या पाळीतला दारूचा वास

रिपोर्ट पाहून जळगावचे डॉक्टर म्हणाले, "क्रिएटिनिन अकरा. रशीदभाऊ, किडन्या थकल्या." क्रिएटिनिन म्हणजे रक्तात साचणारा कचरा. मला वाटलं, अख्ख्या भुसावळ जंक्शनचा कचरा माझ्यातच ओतलाय.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. यंत्र रक्त बाहेर काढतं, धुतं, परत देतं. चार तास. माझं रक्त तर तापीला वळसा घालून येत असावं, इतका वेळ लागायचा. घरी जाऊन नुसतं पडून राहायचं.

शेजारच्या खाटेवर बारकू पावरा, सातपुड्याच्या पायथ्याचा मजूर. मी तडवी, म्हणजे मुसलमान भिल्ल. दोघंही आदिवासी, पण पटायचं नाही. तो म्हणायचा, "तुम्ही नमाज बी पढतस अन् आमना आदिवासीना दाखला बी लेतस." मी म्हणायचो, "तुम्ही तर मोहाच्या दारूच्या पिंपातच जन्मता." शहरातले मुसलमान आम्हाला अर्धेमुर्धेच धरतात. तो राग मी बारकूवर काढायचो.

एका सकाळी त्याच्या तोंडाला उग्र वास आला. मी सिस्टरला सांगितलं, पिऊन आलाय. तेवढ्यावर थांबलो तर मी कसला? बाटली डोळ्यांनी पाहिली, वासानं अर्धी एसटी झिंगली, हेही जोडलं. वॉर्ड खदाखदा हसला.

"मी पेयेल नव्हतू, अक्का," बारकू म्हणाला. पावऱ्याचं कोण ऐकतं? सिस्टरनं शिक्षा म्हणून त्याला दुपारच्या पाळीत टाकलं.

दुपारची पाळी सुटेपर्यंत त्याच्या गावची शेवटची गाडी निघून जाते. एकदा तो रात्रभर स्टँडवरच राहिला. पुढच्या दोन पाळ्या आलाच नाही.

मग त्याला उचलूनच आणलं. अंग सुजलेलं, श्वास पुरेना. "पल्मनरी इडिमा," डॉक्टर म्हणाले. फुफ्फुसात पाणी. सिस्टरनं दारूचं सांगितलं. डॉक्टर वाकले, वास घेतला.

"ही दारू नाही. युरिमिक फीटर. युरिया वाढला की श्वासाला वास येतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याही येतो, रशीदभाऊ."

मी म्हणालो, "बाटली मी पाहिली नव्हती." जन्मात इतकं छोटं वाक्य बोललो नव्हतो.

बारकू वाचला. चौथ्या दिवशी उठून बसला, तेव्हा मी त्याच्या खाटेशी गेलो. माफी मागायला भलं लांबलचक भाषण जुळवलं होतं. त्यानं हात वर केला.

"माफी ऱ्हाऊ द्या, तडवीभाऊ. सकायनी जागा द्या."

दिली. माझं गाव जवळ, मला उशिरापर्यंत गाडी मिळते. आता दुपारच्या उन्हात जातो, दमून परततो. तुम्हाला हा आजार झाला तर पाणी मोजून प्या, पाळी चुकवू नका आणि शेजारच्या खाटेबद्दल न पाहिलेलं सांगू नका. बारकू माझ्याशी अजून बोलत नाही. पण त्यानं एकही पाळी चुकवलेली नाही. त्याबद्दल मी रोज शुक्र मानतो.