नाखव्याचे खडक मी कुठे बुडवले

कसं सांगू, कुठून सुरुवात करू? हा किस्सा ऐकून तुम्ही हसाल, खुशाल हसा. मला मात्र अजून पुरतं हसू येत नाही.

मी प्रोग्रामर. काशीदजवळच्या गावात घरी बसून काम करतो. आमच्या गावात धर्मा नाखवा आहेत, वय ऐंशीच्या पुढे. समुद्रातला कुठला खडक ओहोटीला उघडा पडतो, कुठला पाण्याखाली दडून बोट फोडतो, सगळं त्यांना तोंडपाठ. नव्या पोरांना यातलं निम्मंही ठाऊक नाही. म्हणून ठरवलं, नाखव्यांच्या आवाजात एकेका खडकाची माहिती घ्यायची आणि वेबसाइट करायची.

ठरवलं मी. राबली माझी बायको, मनाली. ती शाळेत शिक्षिका. सुट्टीच्या दिवशी नाखव्यांच्या अंगणात बसून तिने सगळं रेकॉर्ड केलं, ऐकून ऐकून टाइप केलं. ‘म्हातारीचा खडक’, ‘दातेरी’, ‘घोड्याची पाठ’... एकेका नावाची एकेक फाइल, रेकॉर्डिंगसकट सगळ्या ‘खडक’ नावाच्या फोल्डरमध्ये.

एका रविवारी मी एडिटर, म्हणजे ज्यात वेबसाइट लिहितो तो प्रोग्राम, उघडला आणि काय बघतो? डावीकडच्या यादीत ‘खडक’ फोल्डरच नाही!

कचरापेटी पाहिली. तिथेही नाही. म्हणजे कायमचं गेलं! बॅकअप? ते कृपा करून विचारू नका.

आदल्या दिवशी संध्याकाळी मनाली माझ्या लॅपटॉपवर बसली होती. झालं, माझा तपास संपला.

“तू काय केलंस?”

“दोन शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या. का?”

“फोल्डर उडवलंस तू! येत नाही तर हात कशाला लावायचा?”

“नीट शोधलंस का?” ती एवढंच म्हणाली.

“वीस वर्षं हेच करतोय मी!”

तिथेच थांबलो असतो तर घरातलं भांडण घरात राहिलं असतं. पण मी गेलो नाखव्यांकडे.

“नाखवा, पुन्हा सांगावं लागेल सगळं. मनालीच्या हातून पुसलं गेलं.”

हो, असंच म्हणालो. तिचं नाव घेऊन.

नाखव्यांना खोकला झाला होता. नाखवीण चिडली, “दाक्तरनं बोलू नको सांगितलंय त्यांना!” पण म्हातारा उठून बसला. “पोरांसाठी हाय, सांगतो.” चार दिवस ते सांगत होते. एक वाक्य, मग खोकला, मग कोमट पाणी, मग पुढचं वाक्य. मी रेकॉर्डर धरून बसलो होतो, आणि तोंडावर भाव असा, की जणू समुद्र वाचवतोय!

पाचव्या दिवशी मनाली बाजारातून आली. पिशवी रिकामी, चेहरा लाल.

“मासळीवाली काय म्हणाली ठाऊक आहे? ‘काय ओ बाई, नाखव्याचं समदं खडक तुम्ही पुसलंत म्हनं?’ आख्ख्या बाजारासमोर!”

तिने पिशवी खाली ठेवली.

“उघड तो लॅपटॉप.”

मी उघडला. तिने दोन बटणं दाबली, वर शोधायची पट्टी आली. त्यात तिने टाइप केलं: दातेरी. त्या शनिवारी संध्याकाळीही तिने फाइल अशीच नाव टाकून उघडली होती.

आली की हो फाइल! समोर, सहीसलामत! आणि नावापुढे पत्ता: फोटो, त्यात जुने, त्यात खडक.

‘खडक’ फोल्डर ‘जुने’ फोल्डरच्या पोटात जाऊन बसलं होतं. यादीत एक फोल्डर ओढून चुकून दुसऱ्यावर सोडलं की असं होतं. एडिटर तसं विचारतोसुद्धा, खरंच हलवायचं का? पण ‘पुन्हा विचारू नको’ या चौकोनात बरोबरची खूण मीच केली होती. कटकट नको म्हणून!

“मग तू हलवलंस का?” एवढं होऊनही मी विचारलं. काय म्हणावं या तोंडाला?

फोल्डर कधी हललं ते तिने शोधून काढलं. शनिवार, सकाळी साडेनऊ. ती शाळेत. घरी मी एकटा, प्रोजेक्टची ‘साफसफाई’ करत.

तिने लॅपटॉप हळूच मिटला. “शोधलंस का, एवढंच विचारलं होतं मी तुला.”

आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

मी आधी मासळीवालीकडे गेलो आणि बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चूक माझी होती म्हणून सांगितलं. मग नाखव्यांकडे. त्यांचा आवाज पार बसला होता. कान जवळ न्यावा लागला.

“सापडलं? कुठं व्हतं?”

“माझ्याकडेच होतं. दुसऱ्या फोल्डरच्या आत.”

“आनि बाईनं पुसलं न्हाय?”

“नाही. मीच हलवलं होतं.”

त्यांनी कोमट पाण्याचा घोट घेतला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, “येक काम कर. त्या येबसाइटवर तुझं नाव न्हको टाकू.”

“का नाखवा? रागावलात?”

“राग न्हाय रं. पन सवताच्या घरातलं ज्याला घावत न्हाय, त्यानं दाखवलेल्या खडकावर इस्वास ठेवून बोट कोन घालंल?”

वेबसाइट सुरू आहे. खाली लिहिलंय: माहिती धर्मा नाखवा, संकलन मनाली. ती ओळ मीच टाइप केली. योग्य फाइलमध्ये केली का, ते मनालीने तपासलं.