खळ संपेपर्यंत

मी जळगावात शाळामास्तर होतो आणि मनातून स्वतःला लेखक समजत होतो. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. पुण्याच्या मासिकांना मी गोष्टी पाठवायचो आणि त्या परत यायच्या. परत आल्याचं दुःख व्हायचंच, पण त्याहून राग यायचा तो त्यांच्या मुकेपणाचा. बरी आहे, भिकार आहे, दोन शब्द तरी लिहा की! नुसती गोष्ट परत. माझ्याच हस्ताक्षरातला माझाच पत्ता.

पोस्टात टपाल निवडणारा एक कारकून होता, धुळ्याकडचा. तो एकदा खिडकीतून हसत म्हणाला, "तुमनं पाकीट परत उनं, भाऊ." मी चिडलो. त्यावर तो आवाज उतरवून म्हणाला, "रागावू नका. मी बी लिखस. मनं तर पाठवानी हिंमतच व्हत नाही."

तिथंच आमची मंडळी जमायला सुरुवात झाली. कारकुनानं नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना आणलं. त्या वयानं मोठ्या, आम्ही त्यांना अक्का म्हणू लागलो. चौथे होते बुकबाइंडर चाचा. माझ्या वह्या ते बांधायचे आणि बांधता बांधता वाचायचे, हे मला फार उशिरा कळलं. ते मराठी शाळेत शिकलेले, अक्षर माझ्याहून सुरेख. पाच वर्षांपूर्वी पारोळ्याहून येऊन त्यांनी इथं दुकान मांडलं होतं. पुढं दुकान, मध्ये पडदा, मागं घर. दर रविवारी तीन वाजता ते कामाचं लांब टेबल पुसून घ्यायचे, आणि आम्ही चौघं त्याभोवती बसायचो. पडद्यामागून चहा यायचा. चहा देणारा हात दिसायचा, बाई कधी दिसल्या नाहीत.

नियम मी केले. मास्तर म्हटल्यावर नियम आलेच. लिहिणाऱ्यानं आपलं लिखाण स्वतः वाचायचं नाही, दुसऱ्यानं वाचायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. लिहिलेलं खरं की रचलेलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. हा नियम अक्कांसाठी होता, कारण त्या दवाखान्यातल्या बायकांबद्दल लिहायच्या आणि गाव लहान. शेवटचा नियम माझा लाडका. सुधारलेली प्रत पसंत पडली की जुनी प्रत ठेवायची नाही, ती चाचांच्या रद्दीत टाकायची. जुने कागद एकावर एक चिकटवून ते पुठ्ठे करायचे. आपल्या चुकांच्या प्रेमात पडू नये, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

वर्षभर फार चांगलं चाललं. एरवी आठवडाभर फळ्याशी बोलणारा मी, रविवारी कुणीतरी माझं ऐकून घेतंय या आनंदानं घरी जायचो. चाचा मात्र काही आणत नव्हते. आम्ही आग्रह करायचो, ते हसून खळीचं भांडं बाजूला सरकवायचे. खळ म्हणजे कणीक शिजवून केलेला चिकट लगदा, पुस्तकं चिकटवायचा. खळीचा आंबूस वास त्या खोलीत कायम असायचा.

मग एका रविवारी त्यांनी चार पानं टेबलावर ठेवली. कारकुनानं वाचली. पतंग करणाऱ्या एका माणसाची गोष्ट. त्याची नऊ वर्षांची मुलगी रोज सकाळी त्याला खळ शिजवून द्यायची, गुठळी राहिली की बोटानं चिरडायची आणि बोट परकराला पुसायची. तिला पटकी होते, पहाटेपर्यंत संपतं. आणि बाप तिला माती देऊन येतो आणि पतंग चिकटवायला बसतो. तिथं गोष्ट संपत होती.

मला ती लागली, हे आधी कबूल करतो. आणि लागली म्हणूनच तिचा राग आला. मी म्हणालो, "चाचा, बाकी झकास. पण शेवट खोटा. पोटची पोर गेलेल्या दिवशी कुठला बाप कामाला बसेल? वाचणाऱ्याला हा माणूस राक्षस वाटेल."

अक्का हळूच म्हणाल्या, "बसतात हो मास्तर. मी पाहिलंय."

"पाहिलं असेल, पण ते कागदावर पटत नाही," मी त्यांचं बोलणं तोडलं. मग शहाणपणा पाजळत राहिलो. मुलगी वाचवा म्हणालो. ती बरी होते, अशक्त हातानं पहिला पतंग चिकटवते. बघा, वाचणारा किती सुखावेल! कारकून माझ्याकडे बघून मान हलवत होता. चाचा नियमाप्रमाणे गप्प होते. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही म्हणता तसं करून बघतो."

पुढच्या रविवारी त्यांनी तसं करून आणलं. मुलगी बरी झाली होती. मी टाळी वाजवली. चाचांनी जुनी चार पानं स्वतःच्या हातानं रद्दीत ठेवली. खळीचं भांडं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि मला काही म्हणता काही कळलं नाही.

त्यानंतर कारकुनाची धुळ्याला बदली झाली. तो गेला आणि बैठका लांबत लांबत थांबल्या. दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी चाचा माझ्या घरी आले. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. उंबऱ्याशीच उभे राहून त्यांनी विचारलं, "मास्तर, माझी ती पहिली गोष्ट तुम्हाला किती आठवते?"

मी म्हणालो, "का हो? दुसरी जास्त चांगली होती."

"घरात चांगली नाही वाटली." ते खाली बघत बोलत होते. "पारोळ्याची गोष्ट आहे ती, आमची. पतंग तेवढे खोटे. मुलगी गेल्यापासून तिची आई तिच्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. मी ती चार पानं लिहिली, तिला वाचून दाखवली. तेव्हा पहिल्यांदा रडली. नंतर रोज म्हणायची, वाच. मग मी तुमचीवाली वाचली. ती उठून आत गेली. तेव्हापासून पुन्हा गप्प आहे. म्हणते, पहिली वाच, नाहीतर काही नको."

"मग पुन्हा लिहा ना," मी कसंबसं म्हणालो.

"तीनदा बसलो. लिहायला घेतलं की ती बरी होऊनच जाते, मास्तर. आता दुसरं काही हाताला येत नाही."

रद्दीतल्या पानांचा पुठ्ठा होऊन तो हजेरीपुस्तकांना लागला होता आणि ती पुस्तकं एदलाबादकडच्या शाळांत गेली होती. कुठल्या पुस्तकाला, कोण सांगणार? मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. नियम माझा, सल्ला माझा, आणि टाळीही माझीच.

पहिल्या गोष्टीतलं काय आठवतं ते विचारायला मी अक्कांकडे गेलो, सगळं सांगितलं. त्या माझ्याकडे बघून एकच म्हणाल्या, "मी तेव्हा जोरानं बोलायला हवं होतं." मग त्यांनी मुलीच्या आजारपणाचा भाग जवळजवळ शब्दाला शब्द सांगितला. ओठ कसे सुकले, ती पाणी कसं मागत होती. पुढच्या सुट्टीला एस.टी.नं पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. गाडी पारोळ्याला थांबली तेव्हा खिडकीबाहेर बघवेना. कारकुनाला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "हाई तर खरं व्हतं, भाऊ! मी वाचेल शे ना, माले बठ्ठं याद शे." बठ्ठं म्हणजे सगळं काही त्याला आठवत नव्हतं, पण सुरुवात आणि परकराला पुसलेलं बोट नेमकं आठवत होतं. मी लिहून घेतलं. शेवट विचारला, तर म्हणाला, "तो तुम्हीच काढा व्हता. तुमलेच याद ऱ्हाई."

रविवारी तीन वाजता अक्का आणि मी दुकानात गेलो. चाचांनी टेबल पुसलं, दौत-टाक घेऊन बसले. मी धुळ्याहून आणलेला कागद वाचला, ते उतरवून घेत गेले. मध्ये एकदा थांबून त्यांनी एक शब्द बदलला, "असा होता," म्हणाले. अक्कांनी आपला भाग सांगितला. पडद्यामागं भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

मग शेवट आला. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. चाचांनी टाक उचलून धरला होता. खरं सांगतो, मला ती वाक्यं आठवावी लागलीच नाहीत. ज्या दिवशी ती खोडायला लावली त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यातून गेली नव्हती. शाळेत, जेवताना, कुठंही मध्येच यायची.  मी म्हणालो:

"तिला माती देऊन तो घरी आला. तिनं शिजवलेली खळ भांड्यात तशीच होती. संध्याकाळपर्यंत ती आंबली असती. म्हणून तो कामाला बसला आणि खळ संपेपर्यंत उठला नाही."

चाचांनी लिहिलं नाही. टाक खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अक्का उठून त्यांच्याजवळ गेल्या.

पडदा हलला नाही. वर्षभर जिच्या हातचा चहा प्यायलो, तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"फिर से बोलो, मास्तर."

मी पुन्हा म्हटलं.