चरावरची छबूबाई

मिरजगावच्या बाजारात कुणाला ठेच लागली, कुणाच्या डोक्यावरचं ओझं कललं, की छबूबाईच्या तोंडून पटकन "पोले, पोले" असं निघून जायचं आणि मग ती स्वतःशीच लाजायची. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. भाजीवाल्या पदराआड हसायच्या. "काकू आल्या, पन त्यांचं निम्मं सामान अजून आफ्रिकेतच हाय," म्हणायच्या. बोलण्यात खोच होती, पण खोटं त्यात काही नव्हतं.

खरं तर छबूबाई कुठं जाणाऱ्यातली बाईच नव्हे. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती मिरजगावाजवळच्या वस्तीवर आली, ती तिथलीच झाली. नवरा मच्छिंद्र मात्र लग्नानंतर तीन वर्षांतच राहुरीकडच्या साखर कारखान्यात कामाला लागला. आधी उसाच्या मोळ्या उचलायचा. पुढं शिकत शिकत पॅनमन झाला. उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवायचा, ते कसब पॅनमनचं. दाणा केव्हा धरेल हे मच्छिंद्रला नुसत्या चिकटीवरून कळायचं, असं त्याच्या हाताखालची माणसं सांगत. तो तिकडं कारखान्याच्या खोलीत राहायचा, छबूबाई इकडं सासू-सासरे, दोन बैल आणि कोरडवाहू जमीन सांभाळायची. यात्रेला, दिवाळीला आणि हंगाम संपला की तो घरी यायचा. "आमचा संसार म्हंजी एस्टीच्या थांब्यावरचा," असं छबूबाई धाकट्या जावेला, लंकाबाईला सांगायची आणि दोघी हसायच्या. एक मुलगी झाली, मनकर्णा. ती मोठी होऊन नांदायला गेली, सासू-सासरे गेले, छबूबाईचे केस पिकले, तरी एस्टीचा थांबा काही सुटला नाही.

मग एकाहत्तरच्या शेवटी कारखान्यातले जुने केमिस्ट काकासाहेब यांचं पत्र आलं. ते केनियात किसुमू नावाच्या गावाजवळ एका नव्या साखर कारखान्यात होते. मच्छिंद्रसारखा पॅनमन पाहिजे, अडीच वर्षांचा करार, राहायला घर आणि बायकोला आणायची मुभा. छप्पन्न वर्षांच्या माणसाला असं बोलावणं येणं म्हणजे अप्रूपच. वस्तीवर सगळ्यांना वाटलं, मच्छिंद्र जाईल आणि छबूबाई नेहमीसारखी मागं राहील. दीर आबासाहेब तर म्हणाला, "वयनी, तुमी कुठं त्या सिंहाच्या मुलखात जाताय?"

छबूबाई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "पस्तीस वर्सं झाली, भावजी. ह्यो मानूस रोजच्या रोज कसा जेवतो, ते तरी बघू दे मला."



बहात्तरच्या फेब्रुवारीत दोघं मुंबईहून बोटीत बसली. बोचक्यात तवा होता, ज्वारीचं पीठ होतं आणि लुगड्याच्या घडीत लपवलेलं खुरपं होतं. खुरपं कशाला, हे मच्छिंद्रनं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

पहिले आठ दिवस ती हरखून गेली होती. घरात नळ होता, तो सोडला की पाणी यायचं आणि यायचंच राहायचं. बाहेर माती अगदी मिरजगावसारखी, काळीभोर. तिनं मूठभर उचलून वास घेतला आणि मच्छिंद्रला म्हणाली, "आपलीच हाय की हो!" पण त्या मातीत तिचं काहीच नव्हतं. स्वयंपाकाला कारखान्याचा माणूस, धुण्याला दुसरा. दुपारी ती ओट्यावर बसायची आणि ऊन कुठवर आलं ते बघायची. नवरा रोज संध्याकाळी घरी येत होता, समोर बसून जेवत होता. जन्मभर ज्याची वाट पाहिली तेच मिळालं होतं आणि तरी बाई वाळत चालली होती. माणसाचं हे असं असतं, त्याला काय करणार!

एके दिवशी तिनं सरळच सांगितलं. "मला काम पायजे."

मच्छिंद्र हसला. "आगं, बावन्न वर्सांची झालीस. आता बस की निवांत."

"हात काय बावन्नाव्या वर्सी गळून पडत्यात व्हय? दिवाळीपातूर काम मिळालं तर ठीक. न्हाईतर मला बोटीत बसवून द्या. मी जाते माज्या वस्तीवर."

मच्छिंद्रचं हसू मावळलं. बायको बोलते तसं करणारी आहे, हे त्याला ठाऊक होतं. आणि एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. इतकी वर्षं कारखान्याच्या खोलीत एकट्यानं काढलेली त्याला आता परत नको होती. तो काकासाहेबांकडं गेला, शेतीखात्याच्या साहेबाकडं गेला. सगळे मान हलवायचे. भाषा येत नाही, लिहिता येत नाही, वय झालेलं. काम द्यायचं तरी कसलं?

बेण्याचा मळा घराच्या मागंच होता. पुढच्या लागवडीसाठी ऊस तिथं वाढवायचे. तिथल्या बायकांची मुकादम होती अकिन्यी, छबूबाईच्याच वयाची, भरदार अंगाची आणि मोठ्या आवाजाची. छबूबाई बांधावर उभी राहून त्यांचं काम बघायची. हात शिवशिवायचे. अकिन्यी कधी हात हलवायची, कधी भाजलेलं कणीस द्यायची. त्यापलीकडं काही नाही.

ऑक्टोबरात मनकर्णेचं पत्र आलं. मच्छिंद्रनं वाचून दाखवलं. पाऊस यंदाही झाला नव्हता. विहिरीचा तळ दिसत होता. बैल छावणीत नेऊन बांधले होते. आणि लंकाकाकू दुष्काळी कामावर जात होती, पाझर तलावाच्या भरावावर, डोक्यावर मातीची पाटी घेऊन.  छबूबाई उठली आणि तिनं वाहता नळ घट्ट बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं धो धो पाऊस आला. मळ्यातल्या बायका शेडमध्ये पळाल्या. छबूबाई ओट्यावर उभी होती. मळ्याच्या कडेनं एक चर होता आणि त्या चरातून पाणी भरभरून बाहेर चाललं होतं, खाली ओढ्याकडं, फुकट. एवढं पाणी! आणि कुणाला त्याचं काही नाही! तिनं पदर खोचला, खुरपं घेतलं आणि भर पावसात मळ्यात शिरली. खुरप्यानं माती उकरली, दगड रचले, वर गवताची ढेकळं थापली आणि चराचं तोंड बंद करून टाकलं. पाणी थांबलं, मागं फिरलं, सरीसरीत पसरू लागलं. चिखलानं माखलेली छबूबाई ते बघत उभी राहिली. कित्येक महिन्यांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी मळ्याचं तळं झालं होतं. दहा दिवसांपूर्वी लावलेली उसाची कांडी त्या चिखलात कुजून गेली. तिथं पाण्याची वाण नव्हती, जास्तीच्या पाण्याचा जाच होता. चर खणला होता तो पाणी बाहेर काढण्यासाठीच. हे तिला कोण सांगणार आणि ती कुणाला विचारणार?

शेतीखात्याचा साहेब मळ्यावर आला, चौकशी झाली. छबूबाई आपणहून पुढं झाली आणि माखलेलं खुरपं तिनं जमिनीवर ठेवलं. मच्छिंद्र धावत आला. घाबरला होता, चिडलाही होता. अकिन्यीनं त्याला विचारलं, तुझ्या बाईनं असं का केलं? इतक्या दिवसांत त्याला तिथली भाषा जेमतेम येऊ लागली होती. तो शब्द जुळवू लागला. आमच्या मुलखात तीन वर्षं धड पाऊस नाही. तिची जाऊ पाणी अडवायला डोक्यावर माती वाहते आहे. हिला वाहून जाणारं पाणी बघवलं नाही.

अकिन्यी छबूबाईच्या जवळ आली आणि तिच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "पोले, मामा. पोले." मामा म्हणजे तिकडं बाई, आणि पोले हे दुसऱ्याचं दुःख बघून म्हणतात. शेवटी ती साहेबाकडं वळली. पावसात आम्ही सगळ्या शेडमध्ये होतो, म्हणाली. पाणी कुठं जातंय हे एकटी हीच बघत होती. चरांवर मला अशीच बाई पाहिजे. काय करायचं ते मी शिकवीन.

दिवाळीला चार दिवस राहिले होते. छबूबाईच्या हातात लांब दांड्याची कुदळ आली आणि हजेरीचं कार्ड आलं, त्यावर तिचं स्वतःचं नाव. जन्मभर राबली होती ती, पण तिचं राबणं कुठं लिहिलं गेलं नव्हतं. ते कार्ड तिनं देवापुढं ठेवलं. आणि पहिल्या पावसाला चराचं तोंड मोकळं करताना ती घळाघळा रडली. अकिन्यी शेजारी उभी राहून दुसऱ्या बाजूचा गाळ काढत राहिली.

मग छबूबाई त्या कामात मुरली. आभाळ भरलं की इतर बायका आत पळायच्या आणि ही बाहेर निघायची. कुठल्या चरात गवत अडकतं, कुठला आधी तुंबतो, सगळं तिला पाठ झालं. अकिन्यीला तिनं भाकरी थापायला शिकवली, अकिन्यीनं तिला दांड्याची कुदळ कमरेतून कशी मारायची ते शिकवलं. संध्याकाळी ती चिखलाच्या पायांनी घरी यायची, मच्छिंद्र आधीच येऊन चहा करून बसलेला असायचा. दोघं ओट्यावर बसून चहा प्यायची. त्यांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस कुठले, असं विचारलं तर ते हेच.

चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात करार संपला. निघताना अकिन्यीनं ती कुदळ तिला बांधून दिली.

वस्तीवर सगळं होतं तिथंच होतं. लंकाबाई तेवढी वाळली होती, तिच्या माथ्यावर पाटीनं केस विरळ झाले होते. छबूबाईनं कार्ड दाखवलं तशी ती म्हणाली, "माजं बी नाव मस्टरवर हुतं, बाई." दोघींनी एकमेकींच्या तळहातांवरचे घट्टे चाचपून पाहिले.

आणि सप्टेंबरात पाऊस आला, चांगला, दणकून. रान ज्वारीच्या पेरणीसाठी तयार होतं. चार वाजता आभाळ फुटलं, तशी छबूबाई ओट्यावरून उठली, कोपऱ्यातली लांब दांड्याची कुदळ घेतली आणि निघाली. बांधाला पाणी टेकलं होतं. तिनं कमरेतून चार घाव घातले. बांध फुटला, पाणी धावत सुटलं.

"बाई! आवो बाई! काय करताय? पानी चाललं की सगळं!"

लंकाबाई ओरडत धावत येत होती. छबूबाईनं हातातल्या कुदळीकडं बघितलं, मग पाण्याकडं. आपण कुठं उभ्या आहोत, ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. दोघी चिखलात बसल्या आणि ओंजळी-ओंजळीनं माती लोटून, गुडघे लावून त्यांनी ते भगदाड बुजवलं. पाणी थांबलं. छबूबाई आधी हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे वाहू लागले.

"आगं लंके," ती म्हणाली, "माज्या चरावर आता कोन असंल गं?"

लंकाबाईनं ते गाव बघितलं नव्हतं, तो चर बघितला नव्हता. तिनं पदरानं तोंडावरचं पाणी पुसलं आणि तलावाच्या भरावाकडं बघत म्हणाली, "मी बी जाते अधनंमधनं तिकडं. काम कायी नसतंय, बाई. नुसती बघून येते."