व्हरांड्याचे खांब
तिसरा खांब कापला आणि व्हरांड्याचं छप्पर कौलांसकट आम्हां नवराबायकोवर आलं. चौक गावाजवळचा तो इंग्रजांच्या काळातला बंगला आम्ही दोघं वीस वर्षं राखत होतो. नव्या मालकाला तो जुनाट दिसायचा. लाकडी खांब काढून त्याला पुढून सगळी काच हवी होती, तीही गणपतीच्या आत. दर उन्हाळ्यात नवरा वर चढून कौलं चाळायचा आणि मी खालून एकेक कौल हातात द्यायचे, त्यामुळे त्या छपराचं वजन मला ठाऊक होतं. मी ठेकेदाराला म्हटलं, "आदी कौलं उतरवा, मग खांबाला हात लावा." तो हसला. "मावशी, इंजिनेर कदी झालीस गं?" मालक खुर्चीत बसून ऐकत होता. नवरा माझ्यावरच खेकसला, "गप ऱ्हा. हाय ती नोकरी घालवशील." ठेकेदारानं नवऱ्याला खांब धरायला उभं केलं आणि मला खाली पडलेला भुसा भरायला लावलं. आता शनिवार-रविवारी तिथं पाहुणे उतरतात, काचेपुढं उभे राहून फोटो काढतात. त्या छपराखालून मी एकटी जिवंत निघाले.